रेसिंगचा अग्निरोधक बॅलाक्लाव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः बॅलाक्लाव्हा बेतणाऱ्या-शिवणाऱ्यांसाठी आहे : होजिअरीचे छोटे कारखाने, टेक्स्टाइलचे विद्यार्थी, फॉर्म्युला स्टुडंटचे (विद्यार्थ्यांनी रेसिंग कार बनवून उतरवायच्या स्पर्धेचे) संघ. विकत घेणाऱ्या ड्रायव्हरलाही यातलं बरंच उपयोगी पडेल. निदान दुकानात शिवण उलटी करून काय बघायचं ते कळेल.

बॅलाक्लाव्हा म्हणजे माकडटोपीच ना?

आकाराने हो. डोकं, कान, गाल, हनुवटी आणि मान झाकणारी, डोळ्यांपुरती उघडी टोपी. फरक कापडात, दोऱ्यात आणि मानेखालच्या झालरीत असतो. थंडीतली माकडटोपी लोकरीची किंवा ॲक्रिलिकची असते. ॲक्रिलिक पेटतं, पॉलिस्टर आणि नायलॉन वितळून कातडीला चिकटतात. अग्निरोधक बॅलाक्लाव्हाने पेट घ्यायचा नाही, वितळायचं नाही, आकसून चेहरा आवळायचा नाही, आणि आतल्या कातडीपर्यंत उष्णता पोचायला जमेल तितका उशीर लावायचा.

हेल्मेट असताना याची गरज काय?

हेल्मेट खालून उघडं असतं. ज्वाळा आणि गरम वायू हनुवटीखालून, मानेच्या बाजूने आत शिरतात, आणि तिथे फक्त बॅलाक्लाव्हाच असतो. शिवाय हेल्मेट जागेवर राहीलच याची खात्री नसते. १९७६ मध्ये न्यूर्बर्गरिंगला फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडाचं हेल्मेट अपघातात निसटलं आणि चेहरा व टाळू भाजली. २९ नोव्हेंबर २०२० ला बहारीनमध्ये फॉर्म्युला वनचाच रोमां ग्रोज्याँ सुमारे २८ सेकंद आगीत होता. भाजले ते प्रामुख्याने हात.

बॅलाक्लाव्हा किती सेकंद वाचवतो?

याचं एक आकड्यातलं उत्तर कुणी दिलं तर जरा सावध राहा. प्रयोगशाळेतला आकडा ठरावीक ज्वाळेचा असतो, रस्त्यावरची आग ठरावीक नसते.

दोन पद्धती माहीत असाव्यात. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेच्या ८८५६ मानकात आयएसओ ९१५१ ही चाचणी वापरतात. कापडाखालून चौरस मीटरला ८० किलोवॅट इतक्या उष्णतेची ज्वाळा देतात आणि वरच्या बाजूचं तापमान २४ अंशांनी वाढायला किती सेकंद लागले ते मोजतात. एसएफआय ही रेसिंगच्या साहित्याची मानकं ठरवणारी अमेरिकेतली संस्था. तिच्या पद्धतीत टीपीपी, म्हणजे कापड उष्णता किती अडवतं, हा आकडा काढतात. त्याच्या निम्मे म्हणजे साधारण कातडी दुसऱ्या दर्जाची भाजायला लागणारे सेकंद : टीपीपी ६ म्हणजे ३ सेकंद, १९ म्हणजे जवळजवळ १०. दोन्ही आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. सूटला मिळालेला आकडा बॅलाक्लाव्हाला लावणं तर साफ चूक. एसएफआयमध्ये सूटसाठी ३.२ए आणि हातमोजे, बूट, बॅलाक्लाव्हा वगैरेंसाठी ३.३ अशी मानकंच वेगळी आहेत.

कोणता धागा घ्यावा?

चेहऱ्यालगत वापरण्याजोगे पर्याय मोजकेच आहेत.

मेटा-अरामिड, म्हणजे बाजारात नोमेक्स या नावाने ओळखला जाणारा प्रकार. हा वितळत नाही, उष्णतेत काळा पडून जाड होतो. अग्निरोधकता धाग्याच्या रसायनातच असल्याने धुण्याने जात नाही. उणीव एकच, पण चेहऱ्यावर मोठी : घाम नीट पीत नाही. स्वतःच्या वजनाच्या जेमतेम साडेचार टक्के ओलावा धरतो. कापूस साडेसात-आठ टक्के धरतो, व्हिस्कोस बारा-तेरा. म्हणून शुद्ध मेटा-अरामिड घामात चिकट वाटतं.

अग्निरोधक व्हिस्कोस. मऊ, थंड, घाम पिणारा. एकटा वापरला तर ज्वाळेत ताकद लवकर जाते, म्हणून मेटा-अरामिडमध्ये निम्मे-निम्मे मिसळतात. आतल्या थरासाठी हे मिश्रण आम्हाला सगळ्यात पटतं.

ऑक्सिडाइज्ड पॅन, म्हणजे आधीच भाजून घेतलेलं ॲक्रिलिक. ज्वाळेत टिकण्यात सगळ्यांच्या पुढे, पण धागा कमजोर, म्हणून अरामिडच्या आधाराने वापरतात. रंग काळाच. भर उन्हात ग्रिडवर (शर्यत सुटते त्या रांगेत) उभं राहायचं असेल तर काळा रंग विचारात घ्या.

मॉडॲक्रिलिक आणि सुती मिश्रण स्वस्त असतं, पेटत नाही, पण विझताना हॅलोजनयुक्त वायू सोडतं. कारखान्याच्या डगल्यासाठी ठीक. नाकासमोर नको. रसायन लावून अग्निरोधक केलेलं सुती कापड योग्य काळजीने बरीच धुणी टिकतं, पण ड्रायव्हरच्या घरी ते कसं धुतलं जाईल यावर आपला ताबा नसतो.

अनेक जण ९३/५/२ असं मिश्रण लेबलवर बघतात आणि गोंधळतात. ९३ टक्के मेटा-अरामिड, ५ टक्के पॅरा-अरामिड (ज्वाळेत कापड फाटू नये म्हणून) आणि २ टक्के स्थिर वीज घालवणारा धागा. बाहेरच्या थराला हे उत्तम. आतल्या थराला पॅरा-अरामिडची टोकं कधीकधी खाजतात.

एक थर की दोन?

दोन, आणि दोन्ही पातळ. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) एका जाड थरापेक्षा १७० आणि १४५ जीएसएमचे दोन थर जास्त वेळ काढतात, कारण मधली हवा उष्णता अडवते. याच कारणाने बॅलाक्लाव्हा कातडीसारखा घट्ट नको. कपडे फार तंग नसावेत, त्याने संरक्षण घटतं, हे एफआयएच्या नियमावलीतही लिहिलेलं आहे.

बाहेर १६० ते १८० जीएसएमचं इंटरलॉक (दुहेरी विणीचं), आत १४० ते १५० जीएसएमचं सिंगल जर्सी (बनियनसारखं एकेरी विणीचं), हे जोडपं बहुतेकांना चालतं. एका थराला कटाईची वाया जाणारी पट्टी धरून सुमारे ०.३ चौरस मीटर कापड लागतं. तयार दुथरी बॅलाक्लाव्हा १०० ग्रॅमच्या आत बसायला हवा. ११०-१२० च्या वर गेला तर कुठेतरी दुमड जाड झालेली असते.

धुतल्यावर डोळ्याची खिडकी एका बाजूला सरकते. का?

हा कटाईचा दोष समजून लोक पॅटर्न बदलत बसतात. दोष बहुधा कापडात असतो. एकेरी धाग्याच्या सिंगल जर्सीत धाग्याचा पीळ सुटायला बघतो आणि धुतल्यावर उभ्या ओळी तिरक्या होतात. बनियनची बाजूची शिवण पोटावर येते ना, तेच.

कापायच्या आधी ५० सेंटिमीटरचा चौकोन घ्या, त्यावर ३५ सेंटिमीटरचा चौकोन अरामिड दोऱ्याने टाचून आखा, ४० अंशांवर पाच वेळा धुऊन वाळवा आणि मोजा. बाजू ५ टक्क्यांहून जास्त तिरकी झाली तर ते कापड परत करा, किंवा दुपदरी धाग्याचं मागवा. लांबी-रुंदी किती आटली तेही याच चौकोनात कळतं. ३ टक्क्यांपर्यंतची आट पॅटर्नमध्ये धरता येते. त्याहून जास्त असेल तर सगळं कापड आधी धुऊन, आटवून मगच बेतायचं.

मापं कोणती घ्यायची आणि बेतायचं कसं?

चार मापं. भुवयांच्या जरा वरून डोक्याचा घेर, नाकाच्या मुळापासून टाळूवरून मानेच्या खळगीपर्यंतचं अंतर, भुवईपासून हनुवटीखालपर्यंतचं अंतर, आणि मानेचा घेर.

घेरात उणी ढील ठेवायची, म्हणजे मापापेक्षा कमी कापायचं, सुमारे १० टक्के. उभ्या लांबीत ताण अजिबात नको. उभा ताण ठेवला की मान वळवताना कापड वर ओढलं जातं, नाक दाबलं जातं आणि झालर कॉलरमधून निसटते. कापडाचा जास्त ताणणारा आडवा अंग डोक्याभोवती यायला हवा. हे उलटं झालं तर बाकी सगळं बरोबर असूनही टोपी तासाभरात काचते.

५८ सेंटिमीटर घेराचं उदाहरण घेऊ. १० टक्के वजा करून ५२. हे तीन तुकड्यांत वाटायचं : मधली पट्टी कपाळावर ९ आणि मानेवर ७ सेंटिमीटर, उरलेले ३६ दोन बाजूंना १८-१८. शिवणीची दुमड प्रत्येक कडेला ६ मिलिमीटर. झालर सोडून उभी लांबी डोक्यावर घेतलेल्या मापाइतकीच, त्यात फक्त धुण्याच्या आटीची भर.

दुथरी टोपीत आतला थर बाहेरच्यापेक्षा सुमारे दीड टक्का लहान कापायचा. दोन्ही एकाच पॅटर्नवर कापले तर आतल्याला सुरकुत्या पडतात आणि हेल्मेटखाली ती सुरकुती विसाव्या मिनिटाला कपाळात रुतायला लागते. दोन थर डोळ्याच्या कडेला आणि झालरीच्या कडेला जोडा. टाळूपाशी शिवणीच्या दुमडीत दोन ठिकाणी दीड सेंटिमीटर ढिल्या दोऱ्याने अडकवा, म्हणजे टोपी काढताना आतला थर बाहेर उलटून येत नाही.

डोकं दुखतं, टाळूला बोचतं. कापड मऊ घेतलं तरी तेच.

कापड नव्हे, शिवण बोचते. बॅलाक्लाव्हाबद्दलच्या बहुतेक तक्रारी शिवणीच्या असतात आणि दोष मात्र कापडाला लागतो.

सगळ्यात सोपा पॅटर्न दोन तुकड्यांचा. शिवण कपाळाच्या मध्यापासून टाळूवरून मानेपर्यंत जाते. कापड कमी लागतं, कारागीर पटापट काढतो, आणि ती शिवण नेमकी हेल्मेटच्या वरच्या गादीखाली येते. मधली पट्टी घातली की शिवणी मध्यापासून साडेचार सेंटिमीटर बाजूला सरकतात. लेंग्याला कळी घालतो तसाच हा प्रकार, मेहनत थोडी जास्त.

शिवण कुठे नको ते पक्कं ठरवून टाका : कपाळाचा मध्य, टाळू, कानामागचं हाड, जबड्याचा कोपरा आणि हनुवटीखाली जिथे हेल्मेटचा पट्टा बसतो ती जागा. कानापासून शिवण ३ सेंटिमीटर तरी लांब असावी. पट्ट्याखालची शिवण विशेष वाईट, कारण पट्टा आवळल्यावर ती घशाच्या वरच्या मऊ भागात रुतते आणि ड्रायव्हर पट्टाच ढिला ठेवायला लागतो. मग टोपीच्या चुकीची किंमत हेल्मेटला मोजावी लागते.

आता शिवण कशी हवी ते. चार सुयांची, सहा दोऱ्यांची फ्लॅटलॉक, म्हणजे ६०७ क्रमांकाचा टाका, सगळ्यात सपाट. ही मशीन नसेल आणि ओव्हरलॉकवरच काम करायचं असेल तर दोन थरांचा फायदा घ्या : आतल्या थराची दुमड बाहेरच्या बाजूला आणि बाहेरच्याची आतल्या बाजूला ठेवा. दोन्ही उंचवटे मधल्या जागेत लपतात. वर एकमेकांवर येऊ देऊ नका, सेंटिमीटरभर सरकवून घ्या. एकावर एक आले तर चार पदर कापड आणि दोऱ्यांचा गठ्ठा मिळून तीन-साडेतीन मिलिमीटरचा कणा तयार होतो.

तपासायचं कसं? टोपी उलटी करा, डोळे मिटा आणि शिवणीवरून हाताच्या पंजाची मागची बाजू फिरवा, बोटं नकोत. कारागिराच्या बोटांना घट्टे असतात, त्यांना काही जाणवत नाही. जिथे शिवण एकमेकींना छेदतात तिथे बरोबर टोचेल.

दोरा आणि सुई कोणती?

दोरा मेटा-अरामिडचा, टेक्स (दोऱ्याच्या जाडीचं माप) ४० च्या आसपासचा. आणि तो सगळीकडे. नेहमीची चूक अशी : सुयांना अरामिड दोरा लावतात आणि खालच्या लूपरला (खालून फासे घालणाऱ्या भागाला) पॉलिस्टर किंवा फुललेलं नायलॉन. कारण उघड आहे, लूपर सर्वात जास्त दोरा खातो, अरामिड महाग, आणि फुललेलं नायलॉन हाताला मऊ लागतं. पण लूपरचा दोरा कातडीच्या बाजूला असतो. पॉलिस्टर २५५-२६० अंशांच्या आसपास वितळतं, साधं नायलॉन ६ त्याच्याही आधी, २२० च्या सुमारास. शिवण उघडते आणि वितळलेला थेंब गालावर.

माल घेताना शिवणीतून प्रत्येक दोऱ्याचं टोक उसवून चिमट्यात धरून काडी लावा. अरामिड काळा पडून चुरगळतो. टोकाला कडक मणी तयार झाला की तो दोरा वितळणारा.

सुई गोल टोकाची, ७५/११. टोकदार सुई होजिअरीचा फासा तोडते आणि चार धुण्यांनंतर शिवणीलगत भोकांची रांग दिसू लागते. अरामिड सुई लवकर बोथट करतं, त्यामुळे रोज एक बदलली तरी पैसे वाया गेले असं समजू नका. सेंटिमीटरला पाच टाके. शिवण झाल्यावर ती २५ टक्के ताणून बघा. दोरा तटकन तुटला तर मशीनचा ताण जास्त आहे.

डोळ्यांची खिडकी एक असावी की दोन?

एक. दोन भोकांच्या टोपीत मधली पट्टी नाकावर थोडं जास्त झाकते, पण डोक्यावर टोपी जराशी फिरली तरी एका डोळ्याची कड नजरेत येते. वळणावर बाजूला बघणाऱ्या ड्रायव्हरला ते परवडत नाही.

न ताणलेली खिडकी १४ सेंटिमीटर रुंद, साडेपाच उंच. कोपरे टोकदार नकोत, दीड सेंटिमीटर त्रिज्येचा गोलावा द्या, नाहीतर टोपी ओढून घालताना तिथूनच फाटते. कडेला त्याच धाग्याची १×१ रिबची पट्टी, खिडकीच्या घेरापेक्षा ८ ते १० टक्के आखूड, तयार रुंदी १२ मिलिमीटर. जास्त आखूड केली तर गालावर वळ उठतात, कमी केली तर चार धुण्यांत कड लोंबते.

बाजारातलं साधं इलॅस्टिक इथे घालू नका. आत रबर, वर पॉलिस्टरचं वेष्टन, आणि जागा डोळ्यापासून दोन बोटांवर.

काचेवर वाफ धरते आणि तोंडासमोरचं कापड ओलं होतं.

दोन्हीचं मूळ नाकापाशी. खिडकीची खालची कड सरळ असेल तर नाकाच्या दोन्ही बाजूंना फट राहते आणि उच्छ्वास थेट वर काचेवर जातो. खालच्या कडेच्या मध्यावर आतल्या बाजूने १२ मिलिमीटरचा डार्ट (निमुळती चिमट) घाला. कड नाकाच्या हाडावर बसते आणि श्वास खाली वळतो. मास्कला असते तशी धातूची तार घालायची सूचना दर वर्षी कुणीतरी करतं. नको. तापलेली तार नाकावर कशाला हवी?

काही ड्रायव्हर कंटाळून कड नाकाखाली ओढतात. तसं दिसलं की समजायचं, डार्ट चुकलाय किंवा उभी लांबी कमी पडतेय. त्याला दटावून उपयोग नाही, पॅटर्न सुधारा. तोंडासमोर जाळीचं कापड घालून संरक्षणाचा एक थर गमावू नका. हवा खेळती हवी असेल तर तिथे आतल्या थराला मधमाशीच्या पोळ्यासारख्या विणीचं कापड वापरा. ते ओठांना चिकटत नाही.

मानेखाली झालर किती लांब हवी?

पुढे-मागे १४ सेंटिमीटर. एफआयएच्या नियमांनुसार मान, मनगट आणि घोटे यांवर नेहमी किमान दोन संरक्षक कपडे असायला हवेत. आतला अग्निरोधक बनियन आणि त्यावर ही झालर, आणि दोन्ही सूटच्या कॉलरच्या आत खोचलेले, म्हणजे ही अट नीट पुरी होते.

खांद्यावर मात्र झालर आखूड आणि गोलाकार ठेवा, ६ ते ७ सेंटिमीटर. तिथे हॅन्सचा (अपघातात डोकं-मान सावरणाऱ्या साधनाचा) दांडा बसतो. त्याखाली झालरीची दुमड आली की बेल्ट आवळल्यावर गळपट्टीचं हाड ठणकतं. झालरीची कड दुमडून शिवू नका, एकेरीच ठेवून सपाट टाक्याने बंद करा. आतला थर गळ्याखाली ५ सेंटिमीटरवर संपवला तरी हरकत नाही. पुढे बनियन आहेच.

मग सूट घालून, सीटवर बसवून ड्रायव्हरला मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळवायला आणि हनुवटी छातीला लावायला सांगा. दहा वेळा. झालर बाहेर आली तर आणखी दोन सेंटिमीटर वाढवा.

बॅलाक्लाव्हा घातल्यावर हेल्मेट तंग होतं. एक नंबर मोठं घ्यावं का?

आधी हिशेब करा. कापडाची जाडी जितकी, त्याच्या सव्वासहा पटीने घेर वाढतो. १.२ मिलिमीटर जाडीचा एक थर साडेसात मिलिमीटर घेर वाढवतो, दोन थर १५. गादीच्या दाबाखाली कापड चेपतं, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी. पण हेल्मेटच्या दोन मापांत बहुधा सेंटिमीटरभराचाच फरक असतो, हे लक्षात घेतलं तर हा किरकोळ मामला नाही.

उपाय सरळ आहे : हेल्मेट घ्यायला जाताना बॅलाक्लाव्हा बरोबर न्या आणि तो घालूनच माप बघा. आधीच घेतलेलं हेल्मेट असेल तर पातळ थरांचा बॅलाक्लाव्हा घ्या. हेल्मेटच्या आतली गादी कातरणे हा उपाय नव्हे.

चेन्नई-कोइमतूरच्या उकाड्यात घामाने चिंब होतो. ओला बॅलाक्लाव्हा आगीत जास्त सुरक्षित नाही का?

उलट. ओल्या फडक्याने आगीतून जाण्याची कल्पना इथे लावू नका. पाणी हवेपेक्षा सुमारे २४ पट चांगलं उष्णतावाहक आहे. थरांमधली हवा गेली, जागा पाण्याने घेतली, की उष्णता कातडीपर्यंत लवकर पोचू शकते, आणि त्या पाण्याची वाफ झाली तर ती कातडीलगतच कोंडते. म्हणून शर्यतीआधी टोपी पाण्यात बुडवून घालायची सवय वाईट.

कारी मोटर स्पीडवे किंवा श्रीपेरंबुदूरजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर दिवसभराचा कार्यक्रम असेल तर तीन बॅलाक्लाव्हा न्या : सराव, पात्रता फेरी आणि शर्यत. डोकं थंड ठेवायला टोपी घालण्याआधी मानेवर बर्फाचं फडकं ठेवा, पुसून कोरडं करा, मग टोपी चढवा.

चष्मा, लांब केस, दाढी, इअरपीस, पाण्याची नळी?

चष्मा हेल्मेट घातल्यानंतर, खिडकीतून सरकवायचा. काड्या कापडावर याव्यात, कापडाखाली नको, नाहीतर कानावर दुहेरी दाब. सरळ काड्यांचा चष्मा यासाठी बरा.

केस पूर्ण आत. वर बांधलेला अंबाडा हेल्मेट उचलून धरतो. खाली मानेपाशी सैल वेणी घालून ती झालरीच्या आत सोडावी, रबरबँडऐवजी सुती दोरा. केसांना खोबरेल किंवा जेल लावून टोपी घालू नका. तेल कापडात मुरतं, आणि तेल पेटतं. दाढीला हरकत नाही, पण मापं दाढीसकट घ्या.

इअरपीसची तार बॅलाक्लाव्हाच्या आतून मानेमागे न्या. पाण्याची नळी खिडकीच्या खालच्या कडेतून आत घ्या. त्यासाठी कापडाला भोक पाडू नका. प्रमाणित टोपीला कात्री लावली की तिचं प्रमाणपत्र त्या टोपीपुरतं निरर्थक होतं, आणि भोकाच्या कडेला टाका नसल्याने जाळं उसवत जातं ते वेगळंच.

धुवायचा कसा?

उलटा करून, ३० ते ४० अंश, द्रवरूप डिटर्जंट, दोनदा खळबळून. प्रत्येक वापरानंतर.

क्लोरीनचं ब्लीच अरामिडची ताकद खातं. कपडे मऊ करणारं कंडिशनर तर अजिबात नको, ते धाग्यावर मेणचट थर सोडतं आणि तो थर पेटतो. बोअरवेलच्या जड पाण्यात वडीचा साबण वापरला तरी तसाच चिकट साका बसतो. सावलीत वाळवा. ऊन मेटा-अरामिडचा रंग आणि जोर दोन्ही उतरवतं. सूटच्या वेल्क्रोबरोबर एकाच मशीनमध्ये टाकला तर कापडाचे फासे उपसले जातात.

घरी आगीची चाचणी करता येईल का?

कापड निवडताना चाळणी म्हणून, हो. तयार टोपीची नाही, आणि डोक्यावर तर कधीच नाही. ५ बाय २० सेंटिमीटरची पट्टी लांब चिमट्यात, उघड्या जागेत, पाण्याची बादली शेजारी ठेवून, गॅस लायटरच्या ज्वाळेत १० सेकंद धरा. ज्वाळा काढल्यावर पट्टी दोन सेकंदांत विझावी, थेंब गळू नये, भोक पडू नये. अशीच एक पट्टी शिवणीची, एक रिबची, एक लेबलची घ्या. लेबल बहुतेक वेळा नापास होतं, कारण ते साटीनचं पॉलिस्टर असतं.

यात पास झालं म्हणजे इतकंच की प्रयोगशाळेचे पैसे भरायला हरकत नाही. आयएसओ १५०२५ आणि ९१५१ या चाचण्या नावानिशी मागा. 'फायर टेस्ट' एवढंच लिहून पाठवलं तर पडद्यांची किंवा सोफ्याच्या कापडाची चाचणी होऊन अहवाल हातात येतो.

स्वतः शिवलेला बॅलाक्लाव्हा स्पर्धेत चालेल का?

जिथे एफआयए ८८५६ किंवा एसएफआय ३.३ मागितलंय तिथे नाही, कापड कितीही चांगलं असो. प्रमाणपत्र तयार वस्तूला आणि उत्पादकाला मिळतं, कापडाच्या ताग्याला नाही. ८८५६-२००० आणि ८८५६-२०१८ ही दोन वेगळी मानकं आहेत. कोणतं चालेल ते त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बघा. उत्पादक म्हणून एफआयएकडे अर्ज करायचा तर तो देशाच्या राष्ट्रीय संघटनेमार्फत जातो, भारतात एफएमएससीआय. विद्यार्थी संघांनी तपासणीच्या आदल्या रात्री नियम वाचण्यापेक्षा खरेदीआधी वाचावेत.

टोपीवर नाव, रक्तगट, प्रायोजकाचं चिन्ह टाकता येईल का?

हीट ट्रान्सफर आणि रबर प्रिंट नको. अरामिड दोऱ्याचं भरतकाम, फक्त बाहेरच्या थरावर आणि झालरीवर. चेहऱ्याच्या भागात भरतकाम केलं की तिथली ताण घ्यायची क्षमता जाते आणि मागून गाठी टोचतात. आणि हे काम उत्पादकाकडूनच करून घ्या.

टाकून कधी द्यायचा?

आगीची झळ लागली असेल तर लगेच, डाग दिसत नसला तरी. पेट्रोल किंवा ऑइल सांडलं आणि दोन धुण्यांनंतरही वास राहिला तर. उजेडासमोर धरल्यावर गालाशी किंवा हनुवटीशी कापड विरळ दिसलं तर. शिवणीचा एकही टाका सुटला असेल तर घरच्या दोऱ्याने रफू करू नका. आणि खिडकीची कड इतकी सैल पडली की टोपी स्वतःहून नाकाखाली घसरते, तेव्हाही. फेकण्याआधी मधोमध कापा, नाहीतर पुढच्या हंगामात तोच कुणाच्या तरी पेटीत सापडतो.

कार्टिंगसाठी हाच घ्यावा का?

गरज नाही. तिथल्या कपड्यांच्या नियमांचा भर घसटण्यापासून बचावावर असतो. हेल्मेटची गादी घामापासून वाचवायला साधी पातळ सुती टोपी पुरते. पुढे कारमध्ये बसाल तेव्हा मात्र तीच टोपी बॅगेत राहून चालणार नाही. तिच्यावर कार्टिंग असं ठळक लिहून ठेवा.